फोटोसाठी मारलेल्या रेघा

माझी सगळी नोकरी भिण्यात गेली आणि त्याचा मला पगार मिळाला. बडोद्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. पाइप, टाक्या, त्यांचे वेल्डिंगचे टाके आणि बोल्ट बघत फिरायचं आणि कुठे चीर पडली आहे का ते शोधायचं, एवढंच काम. इतरांना टाकी दिसायची, मला ती फुटल्यावर कशी दिसेल ते दिसायचं. ही सवय संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर ठेवून येता येत नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा स्टँड, शेजाऱ्यांच्या बाल्कनीतल्या कुंड्या, लिफ्टचा दोर, या सगळ्यांखाली मी मनातल्या मनात कोणाला ना कोणाला चिरडलेलं पाहिलं आहे. बायको म्हणते, "तुम्ही देवळात गेलात तरी देवाच्या आधी घंटेची साखळी बघता." खरं आहे ते. ती साखळी कोणीतरी बघायलाच हवी, असं माझं अजूनही मत आहे.

अशा माणसाच्या घरात जन्माला येऊन आमची मुलगी कशालाच भीत नाही. एकुलती एक. गोत्रीकडच्या एका शाळेत ती भूगोल शिकवते. मुलांना नद्या नकाशावर दाखवायच्या आणि आपण त्या पाहिलेल्या नसायच्या, हे तिला पटेना. म्हणून तिने चारही चाकांना जोर असलेली एक जुनी, उंच गाडी घेतली आणि सुट्टीच्या दिवशी चार-पाच मित्रमैत्रिणींबरोबर छोटाउदेपूरकडे, ओरसंग नदीच्या वाळूत, डोंगरातल्या दगडगोट्यांच्या वाटांवर फिरू लागली. घेतल्यावर सहा महिन्यांत तिने गाडीचे टायर बदलले, मूळच्यापेक्षा मोठे आणि जाड लावले. चार बदलले म्हणजे पाचवा, स्टेपनीचा, तोही बदलला. या गाडीची स्टेपनी खाली किंवा आत नसते, मागच्या दरवाजावर बाहेरून टांगलेली असते. मी ते चाक एकदा उचलून पाहिलं आणि परत ठेवताना माझी कंबर धरली. दरवाजा मात्र तोच होता, जुन्या हलक्या चाकासाठी केलेला, पातळ पत्र्याचा.

"एवढं वजन हा पत्रा पेलणार नाही," मी म्हणालो.

"बाबा, सगळ्यांचं असंच असतं," ती म्हणाली.

सगळ्यांचं असंच असतं, हे वाक्य मी नोकरीत बत्तीस वर्षं ऐकलं आणि त्यावर कधी सही केली नाही.

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात एकदा मी तिच्या गाडीतून भाजीच्या पिशव्या काढल्या आणि मागचा दरवाजा लावला. दरवाजा लागताना एक बारीकसा आवाज आला. दुसऱ्या कोणाला तो ऐकू आला नसता. मी दरवाजा परत उघडला, परत लावला. परत तोच. बिजागरीजवळ वाकून पाहिलं तर रंगावर केसाएवढी एक रेषा होती. नुसता रंग तडकलेला असू शकतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. घरातून माझा जुना डबा आणला. आमच्या धंद्यात चीर शोधायची एक साधी पद्धत आहे. जागा रंग खरवडून स्वच्छ करायची, त्यावर लाल रंगाचं पातळ औषध फवारायचं, थोड्या वेळाने ते पुसून टाकायचं आणि वर पांढरी पूड मारायची. चीर नसेल तर पांढरं पांढरंच राहतं. असेल तर आत गेलेलं लाल हळूहळू वर येतं.

मी पार्किंगमध्ये उकिडवा बसून त्या पांढऱ्या डागाकडे बघत होतो. लाल रेषा वर आली. बोटभर लांब होती. मला लगेच रस्ता दिसला. हायवे, गाडीचा वेग, आणि तिच्या मागे स्कूटरवर एक नवरा-बायको. दरवाजाचा पत्रा फाटतो आणि ते चाक सुटून मागे जातं. माझ्या मुलीला कदाचित कळणारही नाही. मागच्या माणसाचं काय होईल ते मी इथे लिहीत नाही, पण मी ते पाहिलं, दिवसातून दहा वेळा पाहिलं.

मुलीला लाल रेषा दाखवली तेव्हा तीही जरा गंभीर झाली. तिने मित्रांना विचारलं, तेव्हा कळलं की या गाडीसाठी मजबुतीचा एक संच तयार मिळतो. दोन भाग असतात. एक जाड लोखंडी प्लेट, ती दरवाजाच्या आतून बसते आणि पत्र्याला आधार देते. दुसरी बाहेरून तिरपी जाणारी पट्टी, ती चाकाचं वजन पत्र्यावर न टाकता थेट बिजागऱ्यांवर नेते. दोन्ही मिळून आठ बोल्ट. तिने तो मागवला आणि तो आला नेमका अष्टमीला. दसऱ्याला दुपारी दोन वाजता तिची मंडळी नदीवर निघणार होती.

"मग उद्या, नवमीला सकाळी बसवू," मी म्हणालो. "बसवल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"हां ने बाबा, तुमच्याशिवाय कोण हलवतंय," ती म्हणाली. आमच्या तरसालीत तिच्या वयाची सगळी मुलं अशीच बोलतात, अर्धं घरचं मराठी आणि अर्धं सोसायटीचं गुजराती.

नवमीला सकाळी सात वाजता आम्ही दोघं पार्किंगमध्ये उतरलो. स्टेपनी काढली, दरवाजाचं आतलं अस्तर काढलं. आधी मी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. चिरेला टोक असतं म्हणून ती पुढे सरकते, टोकाला गोल भोक पडलं की बहुधा तिथेच थांबते. मुलगी गाडीत आतून बसून नट धरत होती आणि मी बाहेरून बोल्ट फिरवत होतो. तिला मी दिसत नव्हतो, नुसता आवाज येत होता. "धरलंय?" "धरलंय." मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून एकही काम केलं नव्हतं.

खालचे सहा बोल्ट साध्या पान्ह्याने बेतानेच आवळले. वरचे दोन मुद्दाम ढिले ठेवले, कारण दरवाजा दोन-चारदा उघडबंद करून बाहेरची पट्टी नीट जागेवर येते का ते बघायचं होतं. ती जागेवर आली की मग शेवटचं आवळणं, टॉर्कच्या पान्ह्याने. हा लांब दांड्याचा पान्हा ठरलेल्या जोराला पोचला की 'कट्' असा आवाज करतो. निवृत्तीच्या वेळी लोकांनी मला घड्याळ दिलं आणि मी स्वतःला हा पान्हा दिला. तो आवाज आला की बोल्टवर आणि त्याच्या बाजूच्या लोखंडावर मिळून पिवळ्या रंगाच्या पेनाने एक आडवी रेघ मारायची. पुढे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. कारखान्यात माझ्या पिवळ्या रेघेला मान होता. माझी रेघ आहे म्हणजे पुन्हा बघायची गरज नाही, असं लोक म्हणायचे. मुलीने ते लहानपणापासून ऐकलं होतं.

स्टेपनी परत चढवली. मुलगी बाहेर आली, मागे उभी राहून बघू लागली आणि म्हणाली, "बाबा, मस्त दिसतंय. रेघा मारा ने, मी फोटो काढते. ग्रुपवर टाकते, माझ्या बाबांची सही म्हणून."

मी म्हणायला हवं होतं की अजून आवळायचं आहे. एवढंच वाक्य होतं. पण ती मोबाइल धरून उभी होती आणि इतकी खूश होती की मी खिशातून पेन काढलं. मनात म्हटलं, आवळताना पुसू आणि परत मारू. चाकाच्या आऱ्यांतून हात घालून आठही बोल्टांवर आठ रेघा मारल्या. ढिल्या दोघांवरसुद्धा. फोटोत मी स्टेपनीजवळ हाताची घडी घालून उभा आहे. बत्तीस वर्षांत आवळण्याआधी रेघ मारली नव्हती. ती मारली फोटोसाठी.

फोटो काढून ती वर पळाली आणि तेवढ्यात बायकोने बाल्कनीतून हाक मारली. "अहो, हत्यारं आणा, पूजा खोळंबली आहे."

नवमी म्हणजे आमच्याकडे खंडेनवमी. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यांच्यापासूनचा हा नेम आहे. घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर लाल कापडावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा, आणि मग दसऱ्याला दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांनाही एक दिवस विश्रांती. एका वर्षी नळ गळतो म्हणून वडिलांनी पाटावरचा पान्हा उचलला. तो निसटला आणि त्यांच्या अंगठ्याचं नख मुळापासून गेलं. तेव्हापासून आमच्या घरी कोणी तो नेम मोडलेला नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण मी भितो, आणि भ्यायला विश्वास लागत नाही.

मी टॉर्कचा पान्हा हातात घेऊन दोन मिनिटं उभा राहिलो. आवळायला दहा मिनिटं पुरली असती. पण पुन्हा हाक आली, आणि दसऱ्याला दोन वाजेपर्यंत गाडी जागची हलणार नव्हती. बारा वाजता उत्तरपूजा, मग निवांत आवळू, असा हिशेब करून मी सगळी हत्यारं वर नेली. बायकोने प्रत्येकाला कुंकू लावलं. टॉर्कच्या पान्ह्याला तिने दोन झेंडू जास्त ठेवले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आम्ही बडोदेकर मराठी काय आणि गुजराती काय, फाफडा-जिलेबीच्या रांगेत उभे असतो. दुपारी श्रीखंड, सकाळी फाफडा, यात आमच्यात दुमत नाही. मी सात वाजता रांगेत लागलो आणि पुढच्या माणसाने अख्ख्या सोसायटीचा फाफडा घेतल्यामुळे आठला परत आलो. गेटमधून आत शिरताना पार्किंगची आमची जागा रिकामी दिसली. चार चाकांच्या जागी चार चिरडलेली लिंबं होती.

मी पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो.

वर गेलो तर बायको रांगोळी काढत होती. "गेली ती," ती सहज म्हणाली. "त्यांचं ठरलं की ऊन वाढायच्या आत निघायचं. संध्याकाळी सोनं द्यायला परत येते म्हणाली. मी गाडीची पूजा करून दिली, स्टेपनीला हार घातला. तुमच्या रेघा बघितल्या तिने. म्हणाली, बाबांची रेघ आहे, बास."

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा तिला मीच घालून दिलेला नियम होता आणि घरातल्या इतर सगळ्या नियमांपेक्षा ती तो कसोशीने पाळते. तिच्या मित्रांचा नंबर माझ्याकडे नव्हता. ती कुठल्या रस्त्याने जाणार ते माहीत होतं, तरसालीहून बायपास, मग कपुराई, वाघोडिया, आजवा या चोकड्या, म्हणजे चौक, ओलांडून गोल्डन चोकडी. तिथे सगळे जमायचे आणि हालोलच्या रस्त्याला लागायचे. जमायच्या आधी ती पेट्रोल भरणार आणि टायरमधली हवा बघणार, हेही माहीत होतं, कारण तेही मीच शिकवलेलं. म्हणजे गाठता येईल. पण गाठून करायचं काय? नुसत्या हातांनी बोल्ट आवळत नाहीत, आणि दसऱ्याच्या सकाळी बडोद्यातल्या कुठल्या गॅरेजमध्ये पान्हा मिळणार? सगळे पान्हे हारांखाली.

मी देवघरासमोर गेलो. पाटावर माझी हत्यारं ओळीने झोपली होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मला स्वतःचा संताप आला. माझी मुलगी हायवेवर ढिलं चाक घेऊन पळते आहे आणि मी वडिलांच्या अंगठ्याच्या नखाला भितोय. तरी हात जाईना.

"काय झालं?" बायको मागे येऊन उभी होती.

मी सांगितलं. दोन बोल्ट ढिले आहेत. बाकीचेही नीट आवळलेले नाहीत. रेघा फोटोसाठी मारल्या. सांगताना मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो, पाटाकडे बघत होतो.

तिने वाकून पाटाला नमस्कार केला, टॉर्कच्या पान्ह्यावरची फुलं बाजूला काढली, तो उचलला आणि खालच्या लाल कापडात गुंडाळला. "मी उचललाय," ती म्हणाली. "नख जायचं असेल तर माझं जाईल. चला, मी मागे बसते, फोन लावत राहते."

मी स्कूटर तीसच्या वर नेत नाही. सोसायटीतले लोक मला चालत ओलांडतात, अशी माझी चेष्टा होते. त्या दिवशी बायपासवर काटा साठला टेकला होता आणि मला ट्रक दिसत होते, खड्डे दिसत होते, माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकाचा नटही दिसत होता. बायकोने एका हाताने मला धरलं होतं, दुसऱ्या हातात फोन होता, आणि मांडीवर तो पान्हा. "उचलत नाही," ती दर दोन मिनिटांनी माझ्या कानाशी सांगत होती. कपुराई गेली. रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग होते, लोक मधेच स्कूटरी उभ्या करून भाव करत होते. एकेकाला शिव्या घालत मी पुढे काढत होतो. एरवी मी शिव्या देत नाही.

वाघोडिया चोकडीच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या होत्या. त्यात लांबवर, सगळ्यांच्या वर, एक पिवळा हार दिसला. तिचीच गाडी. स्टेपनीवर बायकोने घातलेला हार. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच गेला, कारण गाड्या सुटल्या आणि ती पुढे निघाली. आमच्या आणि तिच्यामध्ये आठ-दहा वाहनं होती. मी वाट काढत काढत मागे पोचलो तेव्हा चोकडी मागे पडली होती आणि रस्ता मोकळा होत होता.

तेव्हा मी ते चाक नीट पाहिलं. गाडी रस्त्याच्या सांध्यावरून गेली की चाक वर-खाली होत होतं. गाडीबरोबर नाही, गाडीच्या मागून, किंचित उशिरा. हाराची फुलं एकेक करून गळत होती. वरची पट्टी हललेली असणार, म्हणजे सगळं वजन पुन्हा त्या पातळ पत्र्यावर आलं असणार. मी हॉर्न दाबून धरला. त्या उंच गाडीत गाणी चालू असतात, आणि मागच्या काचेसमोर तर तेच चाक, तिला मागचं काय दिसणार.

इतक्यात डावीकडून एक मोटारसायकल आली. चालवणारा माणूस, मागे बायको, मधे दोघांच्यात पाच-सहा वर्षांची मुलगी, चणिया-चोळी घातलेली. वारा लागू नये म्हणून तो माणूस थेट उंच गाडीच्या मागे शिरला आणि तिच्या आडोशाने चालवू लागला. चाकापासून दहा फुटांवर. मी जे दोन आठवडे डोळ्यांसमोर बघत होतो तेच समोर होतं, फक्त त्यात ही लहान मुलगी नव्हती.

"भाई, पाछळ रहो! टायर ढीलुं छे!" बायको ओरडली. त्या माणसाने मागे बघितलं, हात हलवला आणि तसाच चालवत राहिला. दसऱ्याच्या शुभेच्छा वाटल्या असतील त्याला.

पुढचं मी विचार करून केलं नाही. विचार केला असता तर केलं नसतं. मी स्कूटर उजवीकडून काढली आणि मोटारसायकल आणि गाडी यांच्यामधल्या जागेत घातली. तो माणूस चिडून मागे पडला, मागून त्याचा हॉर्न ऐकू आला. मी वेग हळूहळू कमी केला, म्हणजे तोही मागे राहील. आता ते चाक माझ्यासमोर होतं. मग एकदम लक्षात आलं की माझ्या मागे बायको बसली आहे. तिला मी तिथे आणलं होतं. तिला म्हणालो, "अगं, मी तुला..." ती म्हणाली, "समोर बघा." आणि तिने पान्हा पोटाशी धरून त्यावरचं लाल कापड सोडवलं आणि हात बाहेर काढून ते जोरजोरात हलवायला लागली.

मुलीने ते बाजूच्या आरशात पाहिलं. नंतर ती म्हणाली की आधी तिला कोणी मिरवणूक काढतंय असं वाटलं, मग आईची साडी ओळखू आली. गाडीचा वेग उतरला, डावीकडे वळली, आणि एका बंद शोरूमच्या पुढे मोकळ्या जागेत थांबली. मोटारसायकलवाला शिव्या देत पुढे गेला. त्याच्या मुलीने जाताना माझ्याकडे वळून पाहिलं.

"काय झालं? आजी ठीक आहे ना?" मुलगी धावत आली. तिची आजी मुंबईला असते, आई-बाप असे रस्त्यात धावत आले म्हणजे तिला तेच वाटणार.

मी सरळ गाडीच्या मागे गेलो आणि वरच्या बोल्टला बोट लावलं. बोल्ट बोटानेच फिरला. दुसरा शेवटच्या दोन आट्यांवर आला होता. दोन्ही रेघा तुटलेल्या होत्या, बोल्टवरची अर्धी एकीकडे आणि लोखंडावरची अर्धी दुसरीकडे. पट्टी खाली सरकली होती. मी वाकून चीर पाहिली. मी पाडलेल्या भोकाच्या पलीकडे ती नखाएवढी पुढे गेली होती.

"बाबा, रेघ तर होती," ती म्हणाली.

इथेही मला पळवाट होती. रस्ता खराब आहे, बोल्ट नवे आहेत, हादऱ्यांनी होतं, असं काहीही सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता आणि त्याचीच मला भीती वाटली.

"रेघ होती, पण मी आवळलं नव्हतं," मी म्हणालो. "तू फोटो काढत होतीस म्हणून मारली. नंतर आवळणार होतो. हत्यारं पूजेत गेली."

तिने माझ्याकडे बघितलं, मग तिच्या आईकडे, मग त्या चाकाकडे. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "माझ्या मागे एक मोटारसायकल होती, बाबा. लहान मुलगी होती तिच्यावर. मला आरशात दिसली होती."

"हो," मी म्हणालो.

मग तिने हात पुढे केला. मी तिला पान्हा दिला. कारखान्यात आमचा नियम होता, आवळतो एक आणि तपासतो दुसरा, आपलंच काम आपण तपासायचं नाही. मी तो घरी पाळला नव्हता. मी आतून नट धरले आणि तिने बाहेरून आठही बोल्ट आवळले. प्रत्येक बोल्टचा 'कट्' मी मोजला. ती बाहेर काय करते आहे ते मला दिसत नव्हतं, आणि यावेळी ती "धरलंय?" असंही विचारत नव्हती. नंतर तिने माझ्या खिशातलं पेन मागितलं, तुटलेल्या रेघा नखाने खरवडल्या आणि नव्या मारल्या. चीर पुढे गेली होती म्हणून शेवटी चाक उतरवून मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलं आणि ती नदीवर न जाता घरी आली. गोल्डन चोकडीवर थांबलेल्या मित्रांना तिने फोनवर काय सांगितलं ते मी विचारलं नाही. ग्रुपवरचा तो फोटो काढून टाकला का, तेही नाही.

संध्याकाळी तिने आम्हाला आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला. बायकोच्या नखाला काही झालं नाही. मी चार दिवस रोज ते बघत होतो.

दरवाजाला नंतर टाका मारून घेतला, प्लेट पुन्हा बसवली, ती आता पक्की आहे. मुलगी अजूनही नदीवर जाते. गेल्या महिन्यात एका रविवारी ती निघताना मी बाल्कनीत उभा होतो. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून बोल्ट तपासले होते, तिने आवळले आणि रेघ मी मारली होती. गाडी सुरू झाली, सोसायटीच्या गेटपर्यंत गेली आणि थांबली. मुलगी उतरली, मागे आली, चाकाच्या आऱ्यांतून हात घालून आठही बोल्टांना एकेक करून बोट लावलं. मग दोन पावलं गेली आणि परत येऊन वरचे दोन पुन्हा बघितले. तिचा चेहरा मला वरून नीट दिसत होता. ती माझ्या भीतीच्या भरवशावर इतकी वर्षं बिनधास्त फिरत होती, हे मला तेव्हा कळलं. मी तिला हाक मारणार होतो की रेघ बरोबर आहे, मी बघितलंय. मारली नाही. तिने पुन्हा एकदा बोट लावलं आणि गाडी काढली.